ताब्याचा निकाल लागेपर्यंत मुलांना भेटायचे कसे: बेळगाव सीमाभागातल्या आईबापांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात नवरा-बायको वेगळे झाले की दोघांपैकी एक जण बहुधा राज्याच्या हद्दीपलीकडे जातो. ती माहेरी चंदगडला किंवा गडहिंग्लजला जाते, नाहीतर तो कोल्हापूर-पुण्याला नोकरी धरतो. मूल एका बाजूला राहते आणि दुसऱ्या बाजूच्या आईला किंवा बापाला वकील सांगतो, "केस घालू, ताबा मागू." मग नोटीस, म्हणणे (समोरच्याचे लेखी उत्तर), पुरावा, उलटतपासणी यात दोन-तीन वर्षे जातात. तोवर पाच वर्षांचे मूल आठ वर्षांचे होते आणि समोर आलेल्या माणसाला ओळखते, पण त्याच्याजवळ जात नाही.

ताबा आणि भेट या वेगवेगळ्या मागण्या आहेत. ताब्याला वेळ लागतो. भेटीचा अंतरिम अर्ज मात्र मूळ केसच्या पहिल्याच दिवशी देता येतो, आणि तो त्याच दिवशी द्यावा. उशीर केला तर नुकसान दुहेरी होते. मूल दुरावते, आणि "इतके महिने यांनी साधी चौकशीही केली नाही" हे वाक्य समोरच्याच्या म्हणण्यात येऊन बसते. इथे लिहिलेले आईलाही लागू आहे आणि बापालाही. सासरच्यांनी लेकरू ठेवून घेऊन सुनेला माहेरी धाडले, अशी प्रकरणे या भागात कमी नाहीत.

पहिला आठवडा

पहिले काम लेखी विचारणा. फोनवर भांडण होते आणि मागे काही उरत नाही. व्हॉट्सॲपवर किंवा रजिस्टर पोस्टाने एक साधा मजकूर पाठवा:

"आपल्या दोघांतले वाद कोर्टात मिटतील. मला रविवारी सकाळी 11 ते 1 या वेळेत मुलाला भेटायचे आहे. जागा तुम्हीच सांगा. तोवर रोज संध्याकाळी 7 वाजता दहा मिनिटे व्हिडिओ कॉल लावून द्यावा ही विनंती."

या मजकुरात आरोप, धमकी किंवा जुना हिशोब नको. पुढे न्यायाधीश हाच मजकूर वाचणार आहेत, हे लक्षात ठेवून लिहा. उत्तर आले नाही तर आठवड्याने त्याच भाषेत पुन्हा एकदा पाठवा. दिवसाला वीस मिस्ड कॉल टाकू नका. कॉल-लॉगची तीच यादी समोरचा वकील छळाचा पुरावा म्हणून दाखल करतो.

दुसरे काम वहीचे. शंभर पानी वहीत तारीख, ठरलेली वेळ, तुम्ही पोहोचलात ती वेळ, काय झाले आणि पुरावा काय, असे पाच रकाने आखा. एसटीचे तिकीट जपून ठेवा, त्यावर तारीख आणि वेळ छापलेली असते. स्वतःच्या गाडीने गेलात तर कोगनोळी आणि हत्तरगी टोलनाक्यांच्या नोंदी फास्टॅगच्या स्टेटमेंटमध्ये येतात. "मी दर रविवारी येत होतो" हे तोंडी सांगणे एक, आणि अकरा रविवारांच्या टोलच्या नोंदी पुढे ठेवणे वेगळे.

एक गोष्ट मात्र करू नका. शाळेच्या फाटकातून किंवा जत्रेतून मुलाला उचलून हद्दीपलीकडे नेऊ नका. रागाच्या भरात हे होते आणि पश्चात्ताप वर्षानुवर्षे राहतो. समोरचा पालक राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस याचिका, म्हणजे मुलाला कोर्टापुढे हजर करा अशी याचिका, घालू शकतो. मुलांच्या ताब्यात अशी याचिका चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने तेजस्विनी गौड प्रकरणात 2019 साली सांगितले आहे. मूल परत द्यावे लागते आणि त्यानंतर मिळणारी भेट बहुधा देखरेखीखालची असते. एका रात्रीत मूल हलवल्याने कोर्टाची हद्दही बदलत नाही.

समोरचा एकतर्फी हुकूम घेईल अशी शंका असेल तर त्या न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे "मला ऐकल्याशिवाय हुकूम करू नका" असा अर्ज, दाखल करा. ते 90 दिवस चालते. मुदत संपत आली की नवे घाला.

कोणत्या कोर्टात जायचे

सीमाभागात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. पालक व पाल्य अधिनियम 1890 च्या कलम 9 प्रमाणे मुलाच्या पालकत्वाचा अर्ज मूल जिथे नेहमी राहते तिथल्या न्यायालयात करावा लागतो. अर्जदार कुठे राहतो किंवा लग्न कुठे झाले, याला तिथे महत्त्व नाही. मूल खानापूरला आजीकडे राहून तिथल्याच शाळेत जात असेल, तर चंदगडच्या आईला बेळगाव बाजूलाच अर्ज करावा लागेल. "नेहमी राहते" म्हणजे काय, हे शाळेचा दाखला, आधारवरचा पत्ता, लसीकरणाचे कार्ड, डॉक्टरांची फाइल आणि रेशनकार्ड यांवरून ठरते. यांच्या झेरॉक्स आधीच गोळा करा.

दुसरी वाट घटस्फोटाच्या किंवा नांदण्याच्या दाव्याची. असा दावा आधीच चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियम 1955 च्या कलम 26 खाली त्याच न्यायालयात मुलांबद्दल अंतरिम अर्ज देता येतो. बायकोने कोल्हापूर बाजूला दावा लावला आणि मूल बेळगावला बापाकडे आहे, तरी तिला तिथेच भेटीचा अर्ज करता येतो. एकाच वेळी दोन्ही राज्यांत मुलाबद्दल अर्ज लावू नका. दोन कोर्टांचे दोन परस्परविरोधी हुकूम आले की ते निस्तरण्यातच वर्ष जाते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात केस हलवायची तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. म्हणून पहिला अर्ज कुठे घालायचा, हे वकिलासोबत नीट बसून ठरवा.

बेळगावला कौटुंबिक न्यायालय आहे. पण प्रत्येक तालुक्याचे काम तिथेच येईल असे धरून चालू नका. मुलाचा तालुका सांगून अर्ज कुठे घेतात, हे फाइलिंगच्या खिडकीवर आधी विचारा. कर्नाटकात वैवाहिक दावा एम.सी. क्रमांकाने आणि पालकत्वाचा अर्ज जी अँड डब्ल्यूसी क्रमांकाने नोंदतात, मधल्या अर्जाला आय.ए. म्हणतात. दाखल झाल्यावर मिळणारा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्स ॲपमध्ये घातला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. वकिलाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही.

जैन, बौद्ध आणि लिंगायत कुटुंबांना हिंदू विवाह कायदाच लागू होतो. नोंदणी पद्धतीने लग्न झाले असेल तर विशेष विवाह अधिनियम 1954 चे कलम 38. मुस्लिम, ख्रिस्ती कोणालाही 1890 च्या कायद्याची वाट खुली आहे. कौटुंबिक हिंसाचाराची केस मॅजिस्ट्रेटकडे चालू असेल तर 2005 च्या कायद्याचे कलम 21 पाहा. त्याखाली पीडित आईला मुलांचा तात्पुरता ताबा मिळू शकतो आणि त्याच हुकुमात बापाची भेट ठरवता येते. भेटीने मुलाला इजा होईल असे दिसले तर मॅजिस्ट्रेट ती नाकारतातही.

अर्जात काय लिहायचे

भेटीच्या अर्जाला चार-पाच पाने पुरतात. चाळीस पानी अर्ज वाचायला न्यायाधीशांना वेळ नसतो आणि त्यातली पस्तीस पाने नवरा-बायकोच्या भांडणाची असतात. हा अर्ज मुलाचा आहे. मुलाचे वय, शाळा आणि इयत्ता लिहा. वेगळे होण्याआधी तुम्ही त्याचे काय काय करत होता ते लिहा: शाळेत सोडणे, आंघोळ, गृहपाठ, दवाखाना. शेवटची भेट कोणत्या तारखेला झाली आणि त्यानंतर लेखी विचारणा कधी केली, तेही द्या. मग मागणी. सोबत प्रतिज्ञापत्र, मुलाचा जन्मदाखला, मेसेजच्या प्रती आणि तुमच्या राहत्या घराचे दोन-तीन फोटो. मुलाला झोपायला जागा कुठे आहे, हे फोटोत दिसू द्या.

मेसेजच्या छापील प्रती द्यायच्या तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63(4) चे प्रमाणपत्र जोडावे लागते. ज्या मोबाइलमध्ये मूळ संदेश आहेत तो विकू नका, फॉरमॅट करू नका.

कायद्याचा आधार थोडक्यात द्या. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम 1956 चे कलम 13 मुलाचे हित सर्वांत वर ठेवते. त्याच कायद्याचे कलम 6 पाच वर्षांखालील मूल साधारणपणे आईकडे असावे म्हणते. बापाची भेट मात्र ते अडवत नाही. यशिता साहू प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मुलाला दोन्ही पालकांचे प्रेम मिळण्याचा हक्क आहे, आणि आईवडील वेगवेगळ्या राज्यांत असतील तिथे व्हिडिओ कॉलवरचा संपर्कही महत्त्वाचा आहे. सीमाभागातल्या प्रत्येक अर्जात हा निकाल असावा. मूळ पालकत्व अर्जाच्या जोडीने 1890 च्या कायद्याचे कलम 12 वापरा. त्यावर मुलाला कोर्टापुढे आणण्याचा हुकूम होऊ शकतो. बरेच महिने मूल दिसलेलेच नाही, अशा पालकाची पहिली भेट अनेकदा याच वाटेने होते.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा किंवा तालुका कायदेविषयक सेवा प्राधिकरणाकडे जा. या प्राधिकरणांच्या 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. पुरुषांना उत्पन्नाच्या मर्यादेत, किंवा अनुसूचित जाती-जमाती, अपंगत्व अशा कारणांनी मिळतो. फोन 15100.

हुकूम मागताना: वार, वेळ, जागा, माणूस

"अर्जदारास वाजवी भेट द्यावी." असा एका ओळीचा हुकूम हातात पडला की लोक पेढे वाटतात आणि पुढच्याच रविवारी दाराला कुलूप असते. वाजवी म्हणजे किती, कुठे, कोण आणणार, हे कुठेच लिहिलेले नसल्याने अवमान कशाचा झाला तेही सिद्ध होत नाही. म्हणून मागणीच अशी लिहा की तिचा हुकुमात जसाच्या तसा उतारा घेता यावा:

"दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी 10 ते सायंकाळी 5. मूल निपाणी बसस्थानकावर प्रतिवादीने किंवा मुलाच्या आजोबांनी आणावे, अर्जदाराने तिथेच परत आणून द्यावे. अर्धा तासापर्यंतचा उशीर चालेल. मूल आजारी असल्यास आदल्या दिवशी रात्री 8 पर्यंत डॉक्टरांच्या चिठ्ठीसह कळवावे आणि चुकलेली भेट लगतच्या रविवारी भरून द्यावी. दर मंगळवारी, गुरुवारी व शनिवारी सायंकाळी 7 ते 7.20 व्हिडिओ कॉल. नंबर बदलल्यास 24 तासांत कळवावा. मुलाचे प्रगतिपुस्तक, पालकसभेची सूचना व आजारपणाची माहिती अर्जदारास मिळावी. न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाची शाळा बदलू नये, मुलास जिल्ह्याबाहेर कायम राहण्यास नेऊ नये. गरज पडल्यास स्थानिक पोलीस ठाण्याने सहकार्य करावे."

शेवटची ओळ विसरू नका. दिवाणी कोर्टाचा हुकूम घेऊन ठाण्यात गेलात की "हे आमचे काम नाही" हे उत्तर ठरलेले. हुकुमातच पोलिसांना निर्देश असेल तर फौजदाराला हात झटकता येत नाहीत.

जागेचा विचार नीट करा. बेळगाव-कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर आहे. सहा वर्षांचे मूल एका दिवसात दोन्हीकडचा प्रवास करून आले तर भेटीची आठवण उलटीची आणि थकव्याची राहते. निपाणी किंवा संकेश्वर मध्ये पडते. चंदगडवाल्यांना शिनोळीची हद्द जवळ, मिरज-सांगलीवाल्यांना कागवाड. मुलाची देवाणघेवाण पोलीस ठाण्यात करू नका. आईबाबांच्या नावाबरोबर मुलाच्या मनात ठाणे जोडले जाते. सुरुवातीची भेट कोर्टाच्या आवारात किंवा मध्यस्थी केंद्रात ठेवली तर चालते, पण दोन-तीन भेटींनंतर जागा बदलून मागा.

बरेच महिने भेट नसेल तर पायऱ्या मागा. पहिले चार रविवार दोन-दोन तास, पुढचे दोन महिने दिवसभर, त्यानंतर शनिवारी रात्रीचा मुक्काम. एकदम आठ दिवसांचा मुक्काम मागणारा अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी. पायऱ्यांचा अर्ज न्यायाधीशांना सोपा वाटतो, कारण मुलाला जड गेले तर मध्ये थांबता येते. गंभीर आरोप झालेला असेल, विशेषतः पोक्सोखालची (मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालची) तक्रार असेल, तर स्वतःहून देखरेखीखालची भेट मागा. तपास चालू असताना मुलाला परस्पर भेटायला किंवा फोन करायला जाऊ नका.

सुट्ट्या आणि सण: इथे बहुतेक हुकूम फसतात

"दिवाळीची अर्धी सुट्टी वडिलांकडे" असे वाक्य पुण्या-कोल्हापूरच्या नमुन्यावरून उतरवले जाते. बेळगावच्या राज्य मंडळाच्या शाळांना सहामाहीची मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला मोजकेच दिवस. कर्नाटकात उन्हाळी सुट्टी साधारण 10-11 एप्रिलला सुरू होते आणि मेअखेर शाळा उघडतात. महाराष्ट्रात सुट्टी मे ते जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे हद्दीच्या दोन बाजूंना शिकणाऱ्या भावंडांना एकत्र मिळणारा काळ जवळपास फक्त मे. सीबीएसईच्या शाळांचे वेळापत्रक आणखी वेगळे. म्हणून सणाच्या नावावर न जाता "मुलाच्या शाळेने जाहीर केलेल्या मधल्या सुट्टीतील पहिले सात दिवस" असे लिहून घ्या आणि शाळेचे छापील वेळापत्रक अर्जाला जोडा.

दिवाणी कोर्टांनाही मे महिन्यात सुट्टी असते. उन्हाळी सुट्टीतल्या मुक्कामाचा अर्ज एप्रिलमध्ये घातला तर समोरचा म्हणणे द्यायला मुदत घेतो आणि सुट्टी निघून जाते. फेब्रुवारीतच अर्ज द्या. दसऱ्यासाठी ऑगस्टमध्ये.

गणपती, दिवाळी, मुलाचा वाढदिवस हे दिवस आलटून-पालटून ठेवा: सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बापाकडे. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक पाहायला मूल हट्ट करणार, हे माहीत असेल तर तो दिवसही आधीच लिहून घ्या. असे छोटे दिवस हुकुमात असले की ऐनवेळी फोनवर घासाघीस होत नाही.

इथली आणखी एक अडचण बाहेरच्या वकिलांच्या ध्यानात येत नाही. सीमाप्रश्नावरून तणाव झाला की दोन्ही राज्यांच्या बस हद्दीवर थांबतात. डिसेंबर 2022 मध्ये आणि फेब्रुवारी 2025 मध्ये असे झाले होते. 1 नोव्हेंबरला बेळगावात बंद, मोर्चा आणि मिरवणुकीमुळे रस्ते अडतात. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचे अधिवेशन असेल तेव्हा बंदोबस्त असतो. हुकुमात एक वाक्य ठेवा: "वाहतूक बंद असल्यास त्याच दिवशी अर्धा तास व्हिडिओ कॉल व पुढील रविवारी भरपाईची भेट." हे नसेल तर तुमचा दोष नसतानाही "अर्जदार आलाच नाही" अशी नोंद होते.

नोटीस आणि भाषा

बेळगावच्या कोर्टातून निघालेले समन्स गडहिंग्लजला जायचे तर ते तिथल्या कोर्टाच्या बेलिफाकडे, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, फिरून जाते. पत्ता अपुरा, माणूस घरी नाही, शेरा मारून कागद परत, असे दोन-तीन महिने सहज जातात. पत्ता देताना गल्ली, जवळची खूण, पिनकोड आणि मोबाइल नंबर द्या. रजिस्टर पोस्टाने बजावणी मागा, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 5 नियम 9-ए खाली समन्स स्वतः बजावण्याची परवानगीही मागा. समोरच्याने वकील दिला असेल तर अर्जाची प्रत थेट त्या वकिलाला देऊन सही घ्या. आठवडे वाचतात.

कर्नाटकातल्या खालच्या कोर्टांची भाषा कन्नड, कामकाजात इंग्रजीही चालते. मराठी पत्र, मराठी मेसेज, मराठी शाळेचा दाखला यांची भाषांतरे जोडावी लागतात. भाषांतर नसल्यामुळे तारीख पुढे जाणे, ही इथली नेहमीची गोष्ट. स्वतःच्या जबानीवर किंवा तडजोडीवर सही करण्याआधी ती मराठीत वाचून दाखवायला सांगा. तसे सांगायला लाजू नका. उलट बाजूने, महाराष्ट्रातल्या कोर्टाचा मराठी हुकूम घेऊन कर्नाटकातल्या ठाण्यात जायचे असेल तर नक्कलेसोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर ठेवा.

न्यायाधीश किंवा समुपदेशक मुलाशी बोलतात तेव्हा भाषेचा प्रश्न फार नाजूक होतो. घरी मराठी बोलणारे सात वर्षांचे मूल कन्नड प्रश्नाला "हो" म्हणून मोकळे होते. मराठी जाणणारा समुपदेशक किंवा दुभाषा मिळावा, असा आधीच एक पानी अर्ज द्या. आणि मुलाला उत्तरे पढवू नका. पढवलेले मूल पहिल्या दोन वाक्यांत कळते, आणि शिक्षा भेट मागणाऱ्यालाच होते.

भेटीचा दिवस

पहिल्या भेटीला एकट्याने जा, फार तर आजीला सोबत न्या. काका, मामा, मित्र अशी फौज पाहून मूल बिचकते आणि समोरचे लोकही हट्टाला पेटतात. महागडे खेळणे नेऊ नका. रंगीत खडू, पत्ते, त्याचे जुने गोष्टीचे पुस्तक न्या. हात गुंतले की मूल बोलायला लागते. जवळ आले नाही तर ओढू नका. शेजारी बसून चित्र काढत राहा. दोन तासांत शेवटची दहा मिनिटे तुमच्या मांडीवर आले तरी ती भेट चांगली झाली.

"मम्मी काय म्हणते?", "घरी कोण येतं?", "तुला कुणाकडं राहायचंय?" हे तीन प्रश्न कधीही विचारू नका. परत गेल्यावर त्याला घरी त्याची उत्तरे द्यावी लागतात. मुलाचे रेकॉर्डिंगही करू नका.

वेळेत परत सोडा. पाच म्हणजे पाच. एकदा उशीर झाला की पुढचे सहा महिने तोच मुद्दा ऐकावा लागतो. परत दिल्यावर "मूल 4.50 ला सुखरूप दिले, दुपारी भात-आमटी जेवला, खोकल्याचे औषध दिले नाही" असा साधा मेसेज टाका. असे मेसेज वर्षभर साठले की मुक्कामाच्या अर्जाला तेच सर्वांत भक्कम कागद ठरतात.

व्हिडिओ कॉलवर लहान मूल पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त बसत नाही, त्याचा राग मानू नका. रोज एकाच पुस्तकाची दोन पाने वाचा. उद्या पुढचे पान ऐकायला मूल स्वतःच फोन मागते.

भेट अडवली तर

पहिल्यांदा अडवली की ठरलेल्या जागी पूर्ण वेळ थांबा, दाराशी आरडाओरडा करू नका. त्या जागेवरून वेळेसह एक फोटो आणि एक मेसेज पाठवा. दुसऱ्यांदा अडवली की पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच कोर्टात अर्ज द्या. चुकलेल्या दिवसांची भरपाई, प्रवासखर्च, आणि मूल आणून देण्यासाठी कोर्टाने माणूस नेमावा, या तीन मागण्या करा. न्यायालये सुरुवातीला समज देतात, आणि बऱ्याच घरी तेवढ्याने दार उघडते.

तरी ऐकले नाही तर हुकुमाची अंमलबजावणी मागता येते. कौटुंबिक न्यायालय अधिनियम 1984 च्या कलम 18 प्रमाणे तिथला हुकूम दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावता येतो. 1890 च्या कायद्याखाली मूल हजर करण्याचा हुकूम मोडला तर कलम 45 आहे. त्यातला दंड आजच्या काळात नाममात्र वाटेल: 100 रुपयांपर्यंत, नंतर रोज 10, एकूण 500. पण त्याच कलमात मूल हजर करण्याची हमी देईपर्यंत दिवाणी कैदेचीही तरतूद आहे, आणि तिचा उल्लेख झाला की वकीलच आपल्या पक्षकाराला समजावतो. अवमानाची कारवाई मुद्दाम हुकूम मोडल्याचे दाखवता आले तरच टिकते आणि ती एका वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते. ती शेवटचा उपाय म्हणून ठेवा. मुलाच्या आईला किंवा बापाला तुरुंगात पाठवून मूल तुमच्याजवळ येत नाही.

अर्जच फेटाळला गेला तर कौटुंबिक न्यायालयाच्या अंतरिम हुकुमावर 1984 च्या त्याच अधिनियमाच्या कलम 19 खाली अपील नाही. बेळगाव जिल्ह्यासाठी कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात राज्यघटनेच्या कलम 227 खाली रिट याचिका करावी लागते. केस कोल्हापूर-सांगली बाजूची असेल तर मुंबईला जायची गरज उरलेली नाही, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आहे.

पैसा आणि भेट वेगळे ठेवा

"भेटू देत नाही तर पोटगी नाही" हा हिशोब कोर्टात चालत नाही, आणि "पोटगी नाही तर भेट नाही" हाही नाही. भेट बंद असली तरी मुलाचा खर्च दर महिन्याच्या ठरावीक तारखेला बँकेतून पाठवा आणि "शाळा फी, जून" अशी नोंद टाका. रोख देऊ नका. हुकूम नसतानाही पाठवत राहिलात तर अर्जाला वजन येते. ज्याच्याकडे मूल आहे त्यानेही मुलांच्या खर्चाचा आणि शिक्षणाचा अर्ज वेगळा करावा. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 प्रमाणे तो नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत निकाली काढायचा असतो.

मूल वाढते तसा हुकूम बदला

ताब्याचे आणि भेटीचे हुकूम कायमचे नसतात. परिस्थिती बदलली की ते बदलता येतात, हे रोझी जेकब प्रकरणात 1973 पासून ठरलेले आहे. तीन वर्षांच्या मुलाला आठवड्यातून दोनदा तास-तास भेट बरी, कारण पंधरा दिवस त्याला फार लांब असतात. दहाव्या वर्षी महिन्यातून दोन मुक्काम चालतात. हायस्कूलला गेल्यावर रविवारी क्लास आणि मॅच असतात, तिथे हट्टाने जुने वेळापत्रक धरले तर मूल भेटीलाच कंटाळते. अशा वेळी आधी मध्यस्थी केंद्रात बसा. तिथे बोललेले पुढे कोर्टात पुरावा म्हणून येत नाही, त्यामुळे दोघेही थोडे मोकळे होतात. जमले तर दोघांच्या सहीचे निवेदन देऊन हुकूम बदलून घ्या. तोंडी ठरवून सोडू नका. नाही जमले तर नवा आय.ए. घाला आणि त्याला जुन्या हुकुमाची नक्कल, तुमची वही आणि मुलाच्या नव्या शाळेचे वेळापत्रक जोडा.